किती झालं, बाबा?

२ मार्च, रविवार

ही वही गाडीच्या नोंदींसाठी आणली होती. तेल कधी बदललं, टायर किती झिजले, वगैरे. पहिली नोंदच अशी करावी लागते आहे: गाडी उकळली.

सेहेचाळिसाव्या वर्षी बायका बागकाम काढतात, गाणं शिकतात, गेलाबाजार केस तरी कापून घेतात. मी टर्बोची गाडी घेतली. नऊ वर्षं जुनी, लाल, जमिनीला पोट टेकवून चालणारी. बावीस वर्षं मी एका अंधाऱ्या खोलीत बसून लोकांचे डोळे तपासते आहे. 'हे स्पष्ट की हे? पहिलं की दुसरं?' हे वाक्य मी झोपेतही म्हणते, असं नवरा सांगतो. आयुष्यात एकदा तरी आजूबाजूचं सगळं धूसर दिसेल इतक्या जोरात जायचं होतं.

शहराबाहेर एक बंद पडलेली विमानांची धावपट्टी आहे. तिथे हौशी लोकांचा क्लब अधूनमधून वळणं आखून गाड्या पळवतो. एका वेळी एकच गाडी, शर्यत घड्याळाशी. आज माझा पहिला दिवस. चौथ्या फेरीत बॉनेटमधून वाफ. डॅशबोर्डावरचा काटा मात्र शेवटपर्यंत बरोब्बर मध्यावर, जणू काही घडलंच नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवून पाचवी फेरीही सुरू केली. वाटेत गवतावर थांबले तेव्हा झेंडा धरून उभ्या असलेल्या माणसाने विचारलं, "चहा ठेवलाय का आत?"

गाडी दोरीने ओढून घरी आणली. ग्रंथपालांनी (म्हणजे नवऱ्याने, तो ग्रंथालय सांभाळतो आणि घरातही तिथल्यासारखाच हळू बोलतो) पुस्तकातून मान वर केली आणि "बरं," म्हणून खाली घातली.

बोलले ते बाबा. माझे सासरे. सासूबाई गेल्यावर गेल्या वर्षी आमच्याकडे राहायला आले, तेव्हापासून गॅलरीतल्या खुर्चीत बसून असतात. चौतीस वर्षं त्यांनी एका इस्पितळाचा बॉयलर सांभाळला. आज दोन-तीन आठवड्यांत पहिल्यांदाच आपणहून बोलले: "पाणी कमी पडलं, की आग जास्त झाली?"

मी म्हटलं, "काय की."

"मग आधी ते बघ," म्हणाले.

९ मार्च, रविवार

बघितलं नाही. मोठा रेडिएटर बसवून घेतला.

आमच्या मेकॅनिकना मी सबुरीमास्तर म्हणते, कारण ते कुठल्याही प्रश्नाला आधी "सबुरी" म्हणतात. त्यांनी सांगितलं की डॅशवरचा काटा मुद्दामच तसा असतो. ऐंशी अंशांपासून एकशे दहापर्यंत तो मध्यावरून हलत नाही, गिऱ्हाइकाचा जीव घाबराघुबरा होऊ नये म्हणून. मग म्हणाले, "ताई, रेडिएटर मोठा करायच्या आधी जरा सबुरीने घेतलं असतंत."

चढावाच्या रस्त्यावर दामटून पाहिली. फरक दोन अंशांचा. दोन!

१६ मार्च, रविवार

दोष कुणाचा, ते आज सापडलं. माझा.

टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबली की हवा तापते, म्हणून ती गार करायला गाडीच्या नाकात आणखी एक जाळी असते. गाडी घेतल्या घेतल्या मी ती जाळी हौसेने मोठी बसवली होती. ताकद वाढते म्हणे. ती बसली थेट रेडिएटरच्या तोंडावर. म्हणजे नाकाला उशी बांधून पळायचं, धाप लागली की नाक मोठं करून घ्यायचं, आणि उशी तशीच.

सांगितलं बाबांनी. सकाळी गॅरेजमध्ये आले आणि घरातला टेबलफॅन आणायला लावला. गाडीच्या तोंडासमोर फॅन सुरू करून, हात ओला करून त्यांनी बॉनेटखाली घातला आणि डोळे मिटून जाळीच्या कडेकडेने फिरवला. वैद्य नाडी बघतात तसा.

"इथे गार लागतंय," म्हणाले. "इथे. आणि इथे खाली तर वाराच वाहतोय. हवा आळशी असते सूनबाई. जाळीतून जायचे कष्ट कोण घेईल? बाजूने वाट आहे ना. वाट बुजव, म्हणजे मुकाट जाळीतून जाईल."

मी गेले दोन आठवडे रात्रंदिवस परदेशी लोकांचे व्हिडिओ बघते आहे. त्यातला एकजण हेच सांगत होता, पण तो दाढीवाला होता आणि फार बोलत होता, म्हणून मी पुढे सरकले होते.

६ एप्रिल, रविवार

पत्रा कापणे हा कार्यक्रम. जाळीच्या दोन्ही बाजूंना आणि खाली पातळ पत्र्याच्या भिंती उभ्या करायच्या, कडेला फोमची पट्टी लावायची, म्हणजे हवेला पळवाट नाही.

मी पट्टी ठेवून, रेघ मारून, जीव ओतून पत्रा कापला. बाबांनी हातात घेऊन लांब धरला, मग जवळ धरला. "वाकडा आहे."

"सरळ आहे बाबा. पट्टी लावून कापलाय."

"मध्ये पोट आलंय त्याला."

दुसरा कापला. "हाही वाकडा." मी पट्टी त्याच्यावर ठेवून दाखवली. बाबा म्हणाले, "मग पट्टीच वाकडी असेल."

हसावं की रडावं! शेवटी त्यांनी अंगठा कडेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला, जरा थांबले आणि म्हणाले, "चालेल." चौतीस वर्षं बॉयलरवर काढलेल्या माणसाला पसंत पडेल असा पत्रा कापणं सोपं नाही. जुन्या लोकांची नजरच वेगळी.

१२ एप्रिल, शनिवार

तापमानाचं खरं घड्याळ आणलं. आकड्यांचं, खोटं न बोलणारं. याचा डोळा थेट इंजिनाच्या धातूत बसतो. पण आली का पंचाईत! वायर आखूड निघाली, त्यामुळे ते बसलं शेजारच्या सीटसमोर. मला गाडी चालवताना दिसतच नाही.

शेजारी हेल्मेट घालून एक माणूस बसलेला क्लबला चालतो. मी बाबांना म्हटलं, "तुम्ही बसाल का? मी 'किती?' म्हणून विचारीन, तुम्ही आकडा सांगायचा."

बाबा घड्याळाच्या काचेवरून अंगठा फिरवत राहिले. त्यांना वेगाची भीती वाटली असणार. मग म्हणाले, "बसतो."

घड्याळाला एक भोंगाही आहे, एकशे पाचच्या वर कोकलणारा. तो मी तोडून टाकला. डोकं उठवतो, आणि बाबा आहेत की.

नवरा रात्री म्हणाला, "बाबा हल्ली पेपर वाचत नाहीत, पाहिलंस?" मी म्हटलं, "बातम्या तरी वाचण्यासारख्या असतात का?"

२० एप्रिल, रविवार

सहा फेऱ्या! न उकळता!

हीटर पूर्ण सोडायचा ही बाबांची युक्ती. इंजिनाचं गरम पाणी हीटरमधून फिरतं, तेवढीच उष्णता बाहेर. म्हणजे आपल्या अंगावर. उन्हात, हेल्मेट, जाड अंगरखा आणि समोरून भट्टीचा वारा. मी सुंदर दिसत असल्याचा कुणालाही भास झाला नसावा.

आणि बाबा! मी ओरडायची, "किती झालं, बाबा?" ते लगेच, "चौऱ्याण्णव!" पुढच्या वळणाला, "सत्त्याण्णव! जरा सैल सोड!" एकदाही अडखळले नाहीत. खरं सांगायचं तर ते घड्याळाकडे फारसं पाहतही नव्हते. तळहात हीटरच्या झरोक्यावर, मान खिडकीकडे. शेवटी सर्वांत जास्त नव्याण्णव म्हणाले. थांबल्यावर मी घड्याळातली नोंद पाहिली तर एकशे एक. दोन अंशांचं काय एवढं? हलत्या गाडीत कुणाचीही चूक होईल.

चौदा गाड्यांत बारावी आले. परतताना बाबा गुणगुणत होते. मी इतक्या वर्षांत त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

११ मे, रविवार

पाणी बदललं. अर्धं कूलंट, अर्धं शुद्ध पाणी. मी भरलं आणि झालं म्हणून हात पुसले. बाबा म्हणाले, "आत हवा अडकलीय." मी सगळीकडे टॉर्च मारला; काही नाही. त्यांनी नळीला कान लावला, दोनदा दाबली, आणि डबक् करून बुडबुडा वर आला. मग आणखी चार. सबुरीमास्तर बघत उभे होते. म्हणाले, "ताई, हे मला द्या, गॅरेजात ठेवतो." बाबा लाजले.

त्यांची एक गंमत अलीकडे लक्षात आली आहे. बोलताना ते माझ्याकडे पाहत नाहीत, माझ्या कानाकडे पाहतात. किंवा खांद्यापलीकडे. सुनेच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही, ही जुनी मर्यादा. आजकाल कुठे राहिली आहे?

१ जून, रविवार

चहा कपाबाहेर ओतला बाबांनी. अर्धा बशीत, अर्धा टेबलावर. हाताला कंप सुटला असावा. ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं पाहिजे.

त्यांना म्हटलं, "एकदा दुकानात या, चष्म्याचा नंबर बघू. दीड वर्ष झालं." ते म्हणाले, "माझे डोळे ठणठणीत आहेत. तू पाइपांचं बघ." आणि खरंच, रेडिएटरच्या खालच्या पाइपला बारीक चीर होती. ती त्यांनीच बोटाने शोधून काढली. मला नव्हती दिसली. ठणठणीतच म्हणायचे.

२१ जून, शनिवार

उद्या मोठी स्पर्धा. खालचा पाइप नवा बसवला. दुकानातून उशिरा सुटले, घाईघाईतच आवळला. बाबा म्हणाले, "मी एकदा हात लावून बघू का?" मी म्हटलं, "नको, कपडे खराब होतील तुमचे. मी केलंय नीट."

नवऱ्याने "सांभाळून" म्हटलं. तेही दोनदा. त्याच्या मानाने भाषणच.

२२ जून, रविवार

लिहायला बसले आहे, पण काय झालं ते क्रमाने लिहायचं, असं स्वतःला बजावते आहे.

पहिल्या तीन फेऱ्या छान. त्र्याण्णव, शहाण्णव, अठ्ठ्याण्णव. चौथीत मी विचारलं, "किती?" बाबा म्हणाले, "नव्वद." उतरलं! पुढच्या वळणावर, "ब्याऐंशी!" आणि लांब सरळ पट्टीवर, जिथे गाडी सर्वांत जास्त तापते, तिथे बाबांचा आवाज आनंदाने फुटला: "पंचाहत्तर! सूनबाई, पंचाहत्तर!"

मला वाटलं, जिंकलो. आमच्या पत्र्यांनी, आमच्या फोमच्या पट्ट्यांनी इंजिनाला हरवलं. जून महिन्यात, भर दुपारी, पाय तळापर्यंत दाबलेला असताना पंचाहत्तर! कुठल्याही शहाण्या बाईला इथे शंका आली असती. मी पाय आणखी दाबला.

मग इंजिनाचा आवाज बदलला, काहीतरी घासल्यासारखा. ताकद गेली. काच आतून-बाहेरून पांढरी झाली. गवतावर उतरून थांबले आणि पट्टा सोडून बाबांच्या पुढ्यातल्या घड्याळाकडे वाकले. लाल आकडा उघडझाप करत होता. एकशे एकतीस.

"बाबा, हे काय? एकशे एकतीस आहे! पंचाहत्तर कुठून आणलंत?"

 मी धावत जाऊन बॉनेट उघडलं. सगळीकडे हिरवट पाणी, खालचा पाइप निसटून लोंबत होता. डोकं इतकं फिरलं होतं की मी फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. तेवढ्यात माझं मनगट मागून कुणीतरी घट्ट धरलं. बाबा. गाडीला हात लावत लावत पुढे आले होते. "तापलेलं झाकण उघडायचं नाही," म्हणाले. "तोंड भाजेल."

माझं तोंड वाचवणाऱ्या माणसाला मी त्याच तोंडाने, सगळ्या क्लबासमोर म्हणाले, "एवढा मोठा लाल आकडा! दिसत नाही का तुम्हाला?"

त्यांनी हेल्मेट काढलं आणि दोन्ही हातांत धरलं. मग म्हणाले, "नाही."

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही.

"नाही दिसत, सूनबाई. आकडे तर मला पहिल्या दिवसापासून दिसले नाहीत."

अग्निशामक नळकांडं घेऊन लोक धावत आले, पण विझवण्यासारखं काही नव्हतं.

२३ जून, सोमवार

दुकान उघडायच्या आधी बाबांना घेऊन गेले. माझ्या खणात एक कार्ड असतं, चौकटी चौकटींचं, मध्ये एक ठिपका. बावीस वर्षांत किती जणांसमोर धरलं असेल. एक डोळा झाकायचा आणि ठिपक्याकडे बघायचं. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम.

उजवा डोळा झाकून विचारलं, "ठिपका दिसतो?"

"कुठला ठिपका? मध्ये ढग आहे."

डावा झाकला. "आता?"

"आता दिसतो. पण रेघा पाण्यात धरल्यासारख्या आहेत. मध्ये पोट आल्यासारख्या."

पोट. मी कार्ड खाली ठेवलं. सहा एप्रिलचा पत्रा सरळ होता, आणि बाबांना तो वाकडाच दिसत होता. दोघंही खरं बोलत होतो. फरक इतकाच की आमच्यापैकी एकीला असल्या वाकड्या रेघा ओळखण्याचं शिक्षण मिळालेलं होतं.

माझ्या कानाकडे बघण्याचंही तेच. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं, म्हणून ते मान वळवून मला कडेत धरत होते. मी त्याला मर्यादा समजून वहीत कौतुक लिहिलं आहे. ते पान फाडणार होते. फाडलं नाही. राहू दे, माझ्या हुशारीचा पुरावा म्हणून.

दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे दिव्याने दोन महिने अंधाराला शेजारी बसवून आकडे विचारले.

दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. मी बारा वर्षं त्यांच्याकडे माणसं पाठवते आहे. त्यांनी फोटो काढले, पाहिले. डोळ्याच्या पडद्याच्या बरोबर मध्यभागी बिघाड. डाव्या डोळ्यात जुना व्रण झालाय, तो आता परतायचा नाही. उजव्यात पाणी साठतं आहे. इंजेक्शनं ताबडतोब सुरू केली तर आहे ते टिकेल, कदाचित थोडं सुधारेल. लिहिता लिहिता सवयीने त्यांनी विचारलं, "घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?" मग वर पाहिलं, समोर मी. पेन तसंच राहिलं.

संध्याकाळी सबुरीमास्तरांचा फोन. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा धातूचा ठोकळा, वाकलंय. मग, "ताई, खालच्या पाइपचा क्लॅम्प कुणी आवळला होता? पुरता बसलाच नव्हता."

मी. कपडे खराब होतील म्हणून ज्यांना हात लावू दिला नाही, त्यांच्यावर सगळ्यांसमोर ओरडणारी, ती मीच.

२४ जून, मंगळवार

नवऱ्याला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"शंका होती. पेपर, चहा..."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं तुझ्या लक्षात आलं असेल. तू त्यातली आहेस ना."

रागावून बोलला असता तर बरं झालं असतं.

३ जुलै, गुरुवार

पहिलं इंजेक्शन. डोळ्यात सुई म्हटल्यावर मलाच घाम. बाबा शांत. बाहेर बाकावर डोळ्याला पट्टी बांधून बसले होते.  मग मी म्हटलं, "सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं? बॉयलरवर आमच्याकडे एक जण होता, डोळे अधू झालेला. कळलं त्या दिवशी घरी पाठवला. चांगला माणूस होता." मग म्हणाले, "मी दर तासाला दाबाचा आकडा वहीत लिहायचो. तीन पाळ्या, चौतीस वर्षं. तुझी सासू गेल्यावर मला कुणी काही विचारत नव्हतं. जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच. तू म्हणालीस, आकडा तुम्ही सांगा. मला नाही म्हणवेना."

"पण सांगत कसे होतात?"

"झरोक्यावर हात. हीटरचा वारा किती चटका देतो त्यावर. रेडिएटरचा पंखा कधी लागतो ते ऐकायचं."

"आणि बरोबर यायचे की!"

"यायचे. म्हणून तर चूक झाली."

मग मला त्या दिवसाचा हिशोब लागला. पाइप निसटला, पाणी वाहून गेलं, म्हणून हीटरमध्ये गरम पाणी यायचं थांबलं. इंजिन जळत होतं आणि झरोक्यातून गार वारा येत होता. बाबांच्या हाताने खोटं सांगितलं नव्हतं. वारा खरंच गार होता.

मी म्हटलं, "माझं चुकलं, बाबा. तिथे ओरडले ते."

"इंजिन गेलं होतं," ते म्हणाले. "मीही ओरडलो असतो."

३१ जुलै, गुरुवार

दुसरं इंजेक्शन. गाडी अजून सबुरीमास्तरांकडे, पोट उघडून पडलेली. विकून टाकू, असं जेवताना म्हटलं. नवरा मान वर करून म्हणाला, "का?" मी म्हटलं, "तुला आवडत नाही ना." तो म्हणाला, "असं मी कधी म्हटलं?"

आठवून पाहिलं. खरंच कधी म्हटलेलं नाही. तो गप्प असायचा आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ मी लावायची. दिसतं तेवढंच सांगावं, असं मी पेशंटना सांगते.

हल्ली तो बाबांना रोज पेपर वाचून दाखवतो. ग्रंथालयातल्यासारखा, हळू. बाबा ओरडतात, "मोठ्याने! डोळे गेलेत, कानही घालवतोस का?"

२८ ऑगस्ट, गुरुवार

तिसरं इंजेक्शन, नवे फोटो. उजव्या डोळ्यातली सूज बरीच उतरली आहे. डॉक्टरबाईंनी पाटीवरच्या ओळी वाचायला लावल्या. वरच्या तीन ओळी बाबांनी वाचल्या. चौथीला मी श्वास धरून बसले. बाबा म्हणाले, "ही नाही येत. अंदाज सांगू शकेन, पण नाही सांगत."

मी खोलीबाहेर जाऊन जरा उभी राहिले.

२७ सप्टेंबर, शनिवार

गाडी आली. नवं हेड, नवं गॅस्केट. लांब वायर आणून घड्याळ माझ्यासमोर बसवलं, भोंगा परत जोडला. क्लॅम्प मी आवळला आणि बाबांना हात लावून बघायला सांगितलं. त्यांनी पाना मागितला आणि आणखी अर्धा वेढा दिला. बोलले काही नाहीत, त्याबद्दल मी आभारी आहे.

म्हटलं, "उद्या शेजारी बसाल ना?"

"घड्याळ तुझ्यासमोर आहे. मी बसून काय करू? उगाच सत्तर किलो वजन."

"सोबत म्हणून."

"दयेवर कामाला ठेवू नकोस मला," म्हणाले. आवाजात राग नव्हता.

२८ सप्टेंबर, रविवार

तिघं गेलो. नवरा पहिल्यांदाच. पुस्तक घेऊन आला होता, पण बाबा त्याच्या खांद्याला धरून कुंपणाशी उभे राहिले, त्यामुळे ते बंदच राहिलं.

शेजारची सीट रिकामी ठेवून गाडी चालवणं विचित्र वाटलं. पहिल्या वळणावर सवयीने "किती?" म्हणून ओरडले. उत्तर मलाच द्यावं लागलं. पाचव्या फेरीत एकशे दोन झालं. वेळेच्या यादीत माझ्या वरची गाडी अर्ध्या सेकंदाने पुढे होती, आणि ती मला गाठता आली असती. पाय सोडला. एक अख्खी फेरी वरच्या गिअरवर, आरामात, वारा खात. त्र्याण्णव. मग शेवटची दामटली. चौदांत अकरावी. एका जागेने प्रगती! या वेगाने मी छप्पन्नाव्या वर्षी जिंकेन.

हे सांगायला कुंपणाशी गेले तर बाबा तिथे नाहीत. नवराही नाही.

पलीकडे एक टकले गृहस्थ आपल्या चकचकीत, नव्याकोऱ्या गाडीपुढे उभे होते. बॉनेट उघडं, भकाभक वाफ. क्लबातल्या सर्वांत महागड्या गाड्यांपैकी ती एक. भोवती सात-आठ जण जमलेले, आणि मध्ये बाबा. कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, त्या लाल गाडीच्या म्हाताऱ्यांना विचारा.

मला वाटलं, आता धावत जावं. ते काहीतरी अंदाजाने सांगतील, लोक विश्वास ठेवतील, पुन्हा तेच. मी गर्दीत शिरत होते तेवढ्यात त्यांचा आवाज आला. मोठा, स्वच्छ, बॉयलरच्या आवाजावर मात करायची सवय असलेला.

"आधीच सांगतो, मला वाचता येत नाही. डोळे गेलेत. आकडा तुम्ही सांगायचा, बाकीचं मी सांगतो. किती आहे?"

"एकशे सोळा," टकले गृहस्थ म्हणाले.

"मग हात लावायचा नाही. गार होऊ द्या. तोवर एक फॅन आणा, आणि प्यायचं पाणी असेल तर माझ्या हातावर घाला."

नवऱ्याने त्यांच्या हातावर बाटली धरली. फॅन कुठून आला कोण जाणे, पण आला. गाडी गार झाल्यावर बाबांनी ओला हात आत घातला. सात-आठ कर्ते पुरुष श्वास रोखून बघत होते. माझ्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. मी हेल्मेट काखेत घेऊन अकरावी आल्याचं सांगायला उभी होते.

"बाबा," मी शेवटी म्हटलं, "निघायचं ना? उशीर होतोय."

"तू गाडीत बस," ते म्हणाले. "मला वेळ लागेल. अजून तिघांच्या बघायच्यात."